नातीच्या वजनाचं गाऱ्हाणं

भात उकडायला लागलं की मला राग येतो.

कापणी झालेली असते, अंगणाच्या कडेला गवताची उडवी रचलेली असते, मागच्या दारी चुलाणावर मोठं भांडं चढतं आणि ओल्या तुसाचा तो वास घरभर होतो. त्याच दिवसांत देवळाकडे जत्रेचे बांबू पडतात. मुंबईहून येणाऱ्या माझ्या जावेला हा वास इतका आवडतो की ती डोळे मिटून उभी राहते. मी तिला सांगते, डोळे उघड आणि लाकूड आत सार. तिला या वासात माहेर, सासर, बालपण असं काय काय आठवतं. मला चार वर्षांपूर्वीची एक थंडी आठवते. त्या थंडीत मी माझ्या नातीला भर देवळात, शंभर माणसांच्या पुढे उघडं पाडलं. वाईट हेतूने नाही. पण हेतू कोणाला दिसतो?

नातीचं नाव सानिका. माझ्या मुलाची मुलगी. मुलगा रेडीला बंदरावर कामाला जातो, सून सुप्रिया काजूच्या कारखान्यात. त्यामुळे पोर दिवसभर माझ्याकडे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि जाड होती. मी ‘गुटगुटीत’ म्हणणार नाही. तो शब्द वापरून वापरूनच आम्ही ती वेळ आणली. जन्मली तेव्हा मांजराच्या पिलाएवढी होती, काचेच्या पेटीत ठेवली होती. घरी आणल्यावर मी ठरवलं की हिच्या हाडावर मांस चढवायचं. चढवलं. तूप, गूळ, खोबरं, दुधात बुडवलेली बिस्किटं. ती तोंड फिरवायची, मी दुसऱ्या बाजूने चमचा घालायची. पुढे तिने तोंड फिरवायचं सोडून दिलं. तेव्हा मला वाटलं, जिंकले.

आमच्या लहानपणी सकाळी पेज आणि भाजलेली मिरची. माझ्या आईला सात पोरं, त्यातली दोन राहिली नाहीत. ज्या घरातलं पोर भरलेलं, ते घर बरं, एवढंच आम्हाला कळायचं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. ज्या माणसाने भूक बघितली त्याच्या हाताला थांबणं माहीत नसतं, एवढंच सांगते. मी चौथी शिकले, पण हे कुठल्या इयत्तेत शिकवतात असं मला वाटत नाही.

आणि मी एकटी नव्हते. शेजारची शांताकाकी लाडू घेऊन यायची. वाडीच्या नाक्यावरचा दुकानदार पोरीला बघितलं की बरणीचं झाकण उघडायचा. चतुर्थीला आलेले मुंबईकर रंगीत सरबताच्या बाटल्या आणायचे, या एवढ्या, आणि पोरांना पैज लावून प्यायला लावायचे. ज्या हाताने लाडू दिला त्याच हाताने गाल ओढायचे आणि म्हणायचे, "केदी झाली गो ही!" केवढी झाली म्हणून हसायचे. पोरगीही हसायची. हसण्याशिवाय ती काय करणार होती?

शाळा घाटीच्या वर आहे. चिऱ्याच्या पायऱ्या आहेत, साठेक असतील. त्या वर्षी चतुर्थीनंतर मास्तरांनी निरोप पाठवला की सानिका अर्ध्या वाटेत बसते, छातीचा भाता होतो. आम्ही तिला तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या मनगटाएवढी कंबर. मला बघताक्षणीच ती आवडली नाही. रक्त तपासलं, आत काही बिघाड नव्हता. ती म्हणाली, "आजी, हिचं वजन कमी करायचंच नाहीये. आहे तिथे थांबवायचं. उंची वाढेल, मग अंग आपोआप जुळेल. बाटलीतलं सरबत आणि बिस्किटं बंद, ती घरातल्या सगळ्यांनाच बंद. तिला खेळू द्या, कामात घ्या. पण उपाशी ठेवू नका आणि चारचौघांत तिच्या अंगाविषयी बोलू नका."

किती साधं सांगितलं होतं. मी त्यातला ‘वजन’ हा एकच शब्द उचलला आणि बाकीचं तिथेच टेबलावर सोडून आले.

घरी येऊन मी डबे कपाटात घातले आणि किल्ली कमरेला लावली. पोरीला अर्धी भाकरी. तिच्यासमोर बसून तिचा बाप माशाची आमटी ओरपायचा, आणि ती ताटाकडे बघत बसायची. पहाटे मी तिला उठवून समुद्रापर्यंत चालवत न्यायची, हातात काठी घेऊन, म्हशीला नेतात तशी. थंडीत वाळू पायाला चावते. पंधरा दिवसांनी तांदळाच्या कणगीत हात घातला तर तांदळाच्या खाली बिस्किटांचे पुडे. मी तिला मारलं. होय, मारलं. लिहायचं तर सगळं लिहायचं.

मग जत्रा आली. आमच्याकडे जत्रेच्या दिवशी सकाळी गुरव देवासमोर गाऱ्हाणं घालतो. गावाचं काय दुखतंखुपतं ते तो मोठ्याने देवाला सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" कोणाची गाय दूध देत नाही, कोणाच्या मुलाला नोकरी नाही, कोणाचं लग्न जमत नाही. नावं घेऊन सांगतात. त्यात कोणाला लाज वाटत नाही. निदान मला तोवर कधी वाटली नव्हती. दुसऱ्याचं नाव निघालं की कान टवकारायचे आणि ओरडायचं, यात लाज कसली.

मी ओटीचं ताट घेऊन पुढे गेले. गुरव म्हणाला, "काकी, तुमचा काय सांगना आसा?" मी सांगितलं. हळू सांगितलं. पण गुरवाला हळू बोलता येत नाही.

"बा देवा म्हाराजा!" त्याने सुरुवात केली. "खालच्या वाडीतला ह्या चेडू, सानिका, तेचा आंग वाढतच चल्ला हा!"

"व्हय म्हाराजा!"

"दाक्तरान हात टेकल्यान!" हे त्याने आपल्या मनाने घातलं.

"व्हय म्हाराजा!"

"तर तेच्या अंगावरची चरबी उतरव आनी तेका चार पोरांसारख्या कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा आवाज जरा जास्तच मोठा होता. पोरं मागून ओरडत होती, तिच्याच वर्गातली. सानिका माझ्या शेजारी उभी होती, नवीन जांभळा परकर नेसून. तिने माझं बोट धरलं होतं. ते तिने सोडलं. घट्ट धरलं असतं तर बरं वाटलं असतं.

देव काय करतो ते मला माहीत नाही. माणसं काय करतात ते मी त्या महिन्यात बघितलं. ज्याने ज्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं होतं, त्याला त्याला वाटायला लागलं की या पोरीच्या अंगात आपला वाटा आहे. वाटेवर बायका थांबवायच्या. "काय गो सानिका, उतारला काय वजन?" शांताकाकी, जी सात वर्षं लाडू भरवत होती, ती कुंपणावरून सांगायची, "आमी व्हय म्हाराजा म्हटलाव तुझ्यासाठी, इसरू नको हां!" दुकानदाराकडे पोरगी मिठाची पिशवी आणायला गेली तर तो बरणीवर हात ठेवून म्हणाला, "मी तुका काय देवचंय नाय. उद्या देवान इचारल्यान तर तोंड खंय दाखवू?" जमलेले हसले. एसटीचा कंडक्टर आमच्या गावचा नाही, पण त्याच्यापर्यंतसुद्धा ही गजाल, ही बातमी पोचली. तो म्हणाला, "काय मॅडम, आज दोन सीट का?" ही माणसं दुष्ट नाहीत. कोणाचं घर जळालं तर घागर घेऊन आधी धावतील. पण रोज कोणाचं घर जळत नाही, आणि मधल्या दिवसांत त्यांच्या जिभेला काम लागतं.

सानिका बदलली. आधी ती शाळेला कंटाळायची, आता पोटात दुखतं म्हणून घरी बसायला लागली. घरात कोणी आलं की माजघरात जायची. जेवायला बोलावलं की म्हणायची, "माका भूक नाय." मला बरं वाटलं. देवाने ऐकलं, मी सुप्रियाला म्हटलं. इतकी मी मूर्ख.

एका दुपारी मी पडले होते. झोप नव्हती, गुडघा ठणकत होता. उठून पाणी प्यायला गेले तर चुलीपाशी ती उभी. दाराच्या मागे, भिंतीला चिकटून. एका हाताने भाताच्या टोपातला थंड भात तोंडात कोंबत होती. दुसऱ्या हातात टोपाचं झाकण धरलं होतं, खाली ठेवलं तर आवाज होईल म्हणून. चावत नव्हती, गिळत होती. मला बघून तिने झाकण छातीशी धरलं. रडली नाही. म्हणाली, "आजी, मी तुझ्या वाट्याचा खाल्लंय नाय. खालची खरवड होती ती."

वजन उतरलं नाही तर काय होईल याची मला भीती होती. त्या दुपारी दुसरीच भीती बसली. ही पोर आता जन्मभर दाराच्या मागे खाणार. सासरी गेली तरी झाकण हातात धरून खाणार. आणि हे तिला मी शिकवलं.

संध्याकाळी सुप्रिया कारखान्यातून आली. काजू सोलून तिच्या बोटांची सालं निघतात, ती तेल चोळत बसली होती. मी सांगितलं. ती सहसा मला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोटांकडे बघतच म्हणाली, "आये, गाराना तुमी घातलात. आता तुमीच काडा."

घातलेलं गाऱ्हाणं काढायची रीत नाही. मी गुरवाला जाऊन विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काकी, देवाक सांगलेला परत घेवक ता काय तांदळाचा उसना मापटा हा?"

मग मी माझ्या अंगणापुरतं काय ते केलं. किल्ली काढून टाकली. डबे उघडले आणि बिस्किटं गुरांना घातली, मुलगा ओरडला तरी. घरात जे शिजेल ते सगळ्यांना एकच, आणि ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं. हे लिहिताना सोपं दिसतं. मी पहिले आठ दिवस जेवताना स्वतःच्या मांडीखाली हात दाबून बसले, नाहीतर तो आपोआप तिच्या ताटाकडे जायचा. पोरगी एक डाव भात घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. मी भिंतीकडे बघायची.

मागच्या परड्यात मी लाल भाजीचे आणि मुळ्याचे वाफे केले होते. गुडघ्यामुळे मला पाणी घालणं जमेना. सानिकाला बाहेर जायचं नव्हतं आणि परड्यात तिला कोणी बघत नव्हतं, म्हणून ती तिथे जायला लागली. व्यायाम वगैरे काही मनात नव्हतं. परड्यातल्याच विहिरीवरून कळशी आणायची, वाफ्यात ओतायची, परत जायचं. सुरुवातीला पाच कळश्यांत बसायची. आंब्यांना मोहर फुटत होता तेव्हा मोजायचीच बंद झाली. पाय चिखलात, परकर वर खोचलेला, तोंडाने कसलंतरी गाणं. कुंपणाच्या पलीकडे कोणाचा आवाज आला की गाणं बंद. मुळ्याच्या पाल्यामागे खाली बसायची. एवढं मोठं अंग आणि मुळ्याच्या पाल्यामागे. मला दारातून दिसायचं, आणि माझं डोकं फिरायचं. तिच्यावर नाही.

पौषात आमच्या वाडीची राखण असते. वेशीवरच्या मोठ्या झाडाखाली वाडीचा राखणदार आहे, त्याला वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा देतात. तिथे फक्त पुरुष जमतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मग तिथेच चूल मांडून कोंबडा शिजवतात. ऊन डोक्यावर आलेलं असतं, पोटात भूक असते, सगळ्यांचं लक्ष चुलीकडे. गाऱ्हाण्याकडे कोणी लक्ष देत नाही. गुरव थांबला की सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, एवढंच. माझा नवरा तिथूनच घरी येऊन मला सांगायचा की आज आपण कशाकशाला व्हय म्हटलं ते त्याला ठाऊक नाही.

त्या वर्षी मी गेले. काठी टेकत गेले आणि मागे उभी राहिले. गुरवाने बघितलं आणि थबकला. "काकी, बायल माणसान हंयसर येवचा नसता."

"माझो घो असतो तर तोच इलो असतो," मी म्हटलं. "तो नाय. तुझा झाला काय? मग जरा बाजूक हो."

आणि तो काही बोलायच्या आत मी सुरू केलं. त्याच्यासारखाच सूर लावला. इतकी वर्षं ऐकून तो कोणालाही येतो.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या वाडीत जी काय पोरा आसत, जाडी आसांदेत, बारकी आसांदेत, ती तुझी आसत!"

"व्हय म्हाराजा!" पुढचे दोघेतिघे दचकले, पण मागच्यांनी म्हणून टाकलं होतं.

"तेंच्या ताटात जो कोण डोकावात, तेची आमटी जन्मभर आळणी होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण वाटेर उभो रवान चेडवाक वजन इचारीत, तेका सोसायटीच्या भात मोजूच्या काट्यार बसवन सगळ्या गावासमोर मोजूक घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..." इथे आवाज तुटला. दुकानदार पुढेच बसला होता. त्याने ‘व्हय’ म्हटलं होतं आणि ‘म्हाराजा’ गिळलं. त्याचं पोट मांडीवर येतं. बाकीचे त्याच्याकडे बघायला लागले. कोणीतरी फिसकन हसलं. मी थांबले नाही.

"जेणी लाडू भरवल्यानी आनी गाल ओडल्यानी, तेंच्या दाताक कीड लागांदे! आनी जेणी देवळात ह्या पोराचा नाव पयला चार माणसांत काडला, ती ही म्हातारी, मी! माझी जीब पयली झडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या एका वाक्याला सगळ्यात मोठा आवाज आला. मेले सगळे एकदम जागे झाले होते.

मी काठी उचलली आणि घरी आले. त्या दिवशी कोंबड्यात मीठ कमी पडलं होतं असं नंतर कळलं. त्यात माझा हात नाही.

गजाल आमच्या गावात माणसापेक्षा लवकर घरी पोचते. संध्याकाळी सानिका वाफ्याकडून आली, पायाचा चिखल चिऱ्यावर घासत उभी राहिली. "आजी, तू खरांच तसा म्हटलंस?"

"व्हय."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिने वाकून माझ्या तोंडात बघितलं. "झडली नाय अजून," ती म्हणाली, आणि आत जाऊन पाटावर बसली. त्या दिवशी तिने आमच्याबरोबर जेवण केलं. किती जेवली ते मी बघितलं नाही.

माणसं एका दिवसात सुधारली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. विचारायची थांबली, कारण काट्यावर बसायची त्यांना भीती. दोन-चार जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं, त्यातली शांताकाकी एक. मला त्याने काही कमी पडलं नाही. शिमग्यापर्यंत पोरगी पुन्हा रोज शाळेत जायला लागली. पायऱ्यांवर बसायची, पण बसून पुढे चढायची. पुढच्या वर्षी बसायची गरज राहिली नाही. त्या डॉक्टरणीने सांगितलं होतं तसंच झालं, हे मला मान्य करावं लागतं आणि ते मला अजून आवडत नाही. वजन थांबलं, उंची वीतभर वाढली. झोपेत घोरायची ते बंद झालं. आता ती तेरा वर्षांची आहे. खांदे रुंद आहेत, पाय दणकट आहेत, आणि बारीक ती नाही. होणारही नाही. आमच्या घराण्यात कोणी नाही. डॉक्टरीण म्हणते तब्येत छान आहे. जाऊबाई म्हणते, अजून थोडी उतरली असती तर बरं झालं असतं. जाऊबाईंना मी चुलाणाजवळ उभं करते, धुराच्या बाजूला.

कोणी मला विचारतं, काय केलंत हो, कशी उतरवलीत? त्यांना एखादा काढा हवा असतो. मी सांगते, आधी तुमची तोंडं बंद करा. मग ते दुसरीकडे विचारायला जातात.

परवा जत्रा झाली. मी आणि सानिका देवळाच्या मागच्या बाजूला दुकानं लागतात तिथे उभ्या होतो. तिने गुळाच्या खाज्याचा पुडा घेतला आणि तिथेच, भर वाटेत उभं राहून खायला लागली. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. पलीकडच्या गावची एक बाई, आमच्या दूरच्या नात्यातली, थांबली. तिने सानिकाला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पुड्याकडे बघितलं.

"अगो," ती म्हणाली, "अजून खातस?"

मी तोंड उघडलं. राखणदाराला सांगितलं त्यापेक्षा वाईट काहीतरी माझ्या जिभेवर तयार होतं.

सानिकाने पुडा खाली घेतला नाही. पाठीमागेही नेला नाही. तोंडातला घास नीट चावून संपवला, मग पुडा त्या बाईच्या पुढे धरला.

"खातंय," ती म्हणाली. "तुका व्हया काय?"

बाईने एक तुकडा उचलला.

मी तोंड मिटलं.